साडेनऊ तासांवरचं माहेर

सोलापूरच्या यष्टी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत गुरुसिद्धप्पा बसलेले असले, की भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. एक तर त्या फळ्यावरचे निम्मे आकडे पुसून गेलेले होते आणि दुसरं म्हणजे गुरुसिद्धप्पांना सगळं तोंडपाठ होतं. अक्कलकोट? एक तास. वैराग? दीड तास. माळशिरस? साडेतीन. पुणे? सहा. माणसाने खिडकीशी तोंड नेऊन गावाचं नाव घ्यायचा अवकाश, कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढलेला हा गृहस्थ मान वर न करता आकडा सांगून मोकळा होई. कुणी मैल विचारले तर त्यांना आवडत नसे. "मैल मोजून काय करतासा? पायी जायचंय व्हय? तास इचारा," असं ते म्हणत.

आणि तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला तर त्यांचं डोकंच फिरे. "मराठीत सांगितलं न्हवं आत्ता? आता कानडीत सांगू काय?" असं म्हणून ते खरोखरच कानडीत सांगत. तिसऱ्यांदा विचारणाऱ्यासमोर ते खिडकीची फळी खाली ओढत. बार्शीकडची एक म्हातारी एकदा गाडी कधी येणार म्हणून चार वेळा विचारून गेली, तर त्यांनी फळी अर्धा तास वर केली नव्हती. स्टँडवर सगळे त्यांना वचकून असत.

असा हा कडक माणूस वर्षातून दोन दिवस मात्र अगदी विरघळून जाई. नागपंचमीच्या आदल्या दिवशीची रजा त्यांनी कधी मागितली नाही आणि डेपोत कुणी कधी नाकारली नाही. धुतलेलं धोतर, काळी टोपी, हातात लाह्यांची पिशवी अशा थाटात ते बार्शीच्या गाडीत चढले, की कंडक्टर ओरडून सांगे, "निघाले बघा मुराळी!"

लग्न झालेल्या लेकीबाळींना पंचमीला माहेरी आणायला जायचं, तो मुराळी. गुरुसिद्धप्पा पहिल्यांदा मुराळी म्हणून गेले तेव्हा बारा वर्षांचे होते. घर तेव्हा वळसंगला होतं, वडील त्याच साली गेलेले, आणि मोठी बहीण शांतम्मा बार्शीच्या वाटेवर वैरागला दिलेली. वळसंगहून वैराग म्हणजे बैलगाडीने दोन दिवस. वडाळ्याच्या पुढे काळ्या रानात चाक रुतलं ते काही केल्या निघेना. आदल्या दिवशी पोचायचं ते पोचले पंचमीच्या दिवशी, उन्हं डोक्यावर आल्यावर. बघतात तर शांतम्मा दाराबाहेरच्या कट्ट्यावर गाठोडं मांडीशी धरून बसलेली. सासू म्हणत होती, आता कोण येतंय, सोड ते गाठोडं नि आत ये. पण तिने गाठोडं सोडलं नव्हतं, आणि भावासाठी धरलेला आदल्या दिवशीचा उपासही सोडला नव्हता. चिखलाने माखलेल्या भावाला पाहून ती एवढंच म्हणाली, "तम्मा, लई येळ लावलास."

त्या दिवसापासून गुरुसिद्धप्पांनी एक पंचमी चुकवली नाही. बैलगाडी गेली, यष्टी आली, घर वळसंगहून सोलापुरात आलं, शांतम्माचे केस पांढरे झाले, तिला सुना आल्या. तरी दरसाल भाऊ न्यायला यायचा आणि दरसाल बहीण गाठोडं बांधून तयार असायची. सोलापुरात घरामागच्या लिंबाला झोका बांधलेला असे. त्यावर साठीच्या पुढची शांतम्मा बसे आणि गुरुसिद्धप्पांची बायको गिरिजाबाई तिला हलका झोका देई. त्या दोन दिवसांत गुरुसिद्धप्पा कुणावर ओरडत नसत.

त्या पहिल्या मुराळीपणाने त्यांच्या मनात एक गोष्ट मात्र कायमची बसली. महानंदा ही त्यांची एकुलती एक लेक. ती लग्नाची झाली तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, मुलगा कसाही असो, गाव एका रात्रीच्या प्रवासापलीकडचं नको. रात्री बसलं की सकाळी लेकीच्या दारात उतरता आलं पाहिजे. या अटीपायी त्यांनी इंदूरचा एक इंजिनिअर आणि नागपूरचा एक प्रोफेसर परत पाठवला. गिरिजाबाई कपाळाला हात लावून बसल्या.

अशात चौऱ्याहत्तर साली सूत बाजारातले सिद्धलिंगप्पा आपल्या पुतण्याचं स्थळ घेऊन आले. पुतण्या विरुपाक्ष डॉक्टर होता. शिक्षण, घराणं, स्वभाव, कशालाच नाव ठेवायला जागा नव्हती.

"मुलगा असतो कुठं?" गुरुसिद्धप्पांनी विचारलं.

"लंडनला."

गुरुसिद्धप्पांनी चहाची बशी खाली ठेवली. "मग विषयच संपला की."

"का बरं? तुमची अट एका रात्रीची हाय न्हवं?" सिद्धलिंगप्पा व्यापारी माणूस, सगळी चौकशी करूनच आले होते. "आपली मुंबईची गाडी किती तास घेतीय?"

"अकरा."

"आणि मुंबईहून लंडनचं विमान साडेनऊ. तुमीच हिशेब करा. मुंबईपेक्षा दीड तास जवळच आलं की लंडन!"

"मैल किती?" असं गुरुसिद्धप्पा चुकून बोलून गेले.

"साडेचार हजार. पण मैल मोजून काय करतासा? पायी जायचंय व्हय?"

त्यांचंच वाक्य समोरून आलं होतं. सव्वीस वर्षं ज्या आकड्यावर त्यांनी दुनिया चालवली, तोच आकडा समोर होता. साडेनऊ म्हणजे साडेनऊ. आतून गिरिजाबाईंनी विचारलं, "अहो, पण मुराळी कसा जायचा?" त्यावर ते मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "कसा म्हंजे? रात्री बसायचं, सकाळी उतरायचं."

वैशाखात लग्न झालं. निघताना महानंदा पाया पडली तेव्हा ते तिला म्हणाले, "रडू नको. पंचमीला मी येतो न्यायला. मुराळ्याची वाट बघ." पोरगी बी.ए. झालेली होती, तिला सगळं कळत होतं. पण बापाच्या चेहऱ्याकडे बघून तिने नुसती मान हलवली.

पोचल्याचं पत्र आलं ते बारा दिवसांनी. सकाळी सहाला मुंबईहून विमान सुटलं आणि त्याच दिवशी दुपारी बाराला आम्ही लंडनला उतरलो, असं तिने लिहिलं होतं. गुरुसिद्धप्पांनी बोटं मोजली. सहा तास! ते पत्र घेऊन ते थेट स्टँडवर गेले आणि कंट्रोलरपासून हमालापर्यंत सगळ्यांना सांगत सुटले, "साडेनऊ नव्हंच ते. सहा तास! लंडन म्हंजे आपलं पुणंच की वो!" दोन दिवस त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. तिसऱ्या दिवशी एका भूगोलाच्या मास्तरांनी त्यांना समजावून सांगितलं की तिकडची घड्याळं आपल्या मागे असतात, तेव्हा प्रवास झाला तो साडेदहा तासांचा. गुरुसिद्धप्पा भडकले. "घड्याळ मागं ठेवून गाडी येळेवर आणायची व्हय? आमच्या डेपोत असं केलं तर घरी बसवतील." पण त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

मग पंचमी जवळ आली आणि त्यांना कळायला लागलं, की साडेनऊ तास हा फक्त विमान हवेत असण्याचा आकडा आहे. त्याच्या अलीकडे पासपोर्ट होता, व्हिसा होता, तिकीट होतं आणि आयुष्यात कधी न मागितलेली महिनाभराची रजा होती. त्यांच्या खिडकीत या गोष्टी कुणी कधी विचारल्या नव्हत्या. त्यांनी लेकीला लिहिलं, पुढच्या वर्षी नक्की. पुढच्या वर्षी तेच लिहिलं. झोका दरसाल बांधला जाई आणि त्यावर शांतम्मा एकटीच बसे.

दुसऱ्या पंचमीनंतर आलेल्या महानंदाच्या पत्रात शेवटी दोन ओळी होत्या. "पंचमीला मी सकाळपासून खिडकीशी बसते. हे हसतात, म्हणतात, कोण येणार आहे? मी म्हणते, कुणी नाही, पण आजच्या दिवस बसू द्या." गुरुसिद्धप्पांनी ते पत्र गिरिजाबाईंना वाचून दाखवताना तेवढ्या दोन ओळी गाळल्या. पत्र घडी करून त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. आपण पोरीला फसवलं, हे त्यांना त्या दिवशी नीट कळलं.

आणीबाणी उठली त्या साली, आषाढात, महानंदाचं पत्र आलं. ती एकटीच येत होती. पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी नऊला तिचं विमान मुंबईला उतरणार होतं. विरुपाक्षचे एक स्नेही तिला सोलापूरच्या गाडीत बसवून देणार होते, आप्पांनी उगाच दगदग करू नये, असंही तिने लिहिलं होतं.

"दगदग कसली?" गुरुसिद्धप्पा म्हणाले. "तीन वर्सं झाली. लंडनला न्हाय तर न्हाय, मुंबईपतूर तरी मुराळी जायलाच पायजे."

"आणि वन्सं?" गिरिजाबाई म्हणाल्या.

 पंचमीच्या आदल्या दिवशी गुरुसिद्धप्पा वैरागला असत. त्याच दिवशी सांताक्रूझला कसे असणार? पंचेचाळीस वर्षांत अशी वेळ आली नव्हती. शेवटी ते स्वतःच वैरागला गेले आणि शांतम्मासमोर खाली मान घालून बसले.

"अक्का, या पंचमीला..."

"ठावं हाय मला. महानंदा येतीय. जा की तू."

"तुझ्या थोरल्याला सांगतो. तो तुला गाडीत घालून आणील."

"पोटच्या पोरासंगं माहेराला जायचं व्हय मी? लोक काय म्हणतील?" शांतम्मा हसली. तिचे पुढचे दोन दात पडलेले होते. "मुराळ्याबिगर मी कवा आलेय का? या वर्सी न्हाय. पंचेचाळीस वर्सं आले की, अजून किती? तू पोरीला आण."

तिने ते इतक्या सहज सांगितलं, की गुरुसिद्धप्पांना तिथे बसवेना. परतीच्या गाडीत त्यांना वाटत राहिलं, तिने जरा भांडायला हवं होतं.

सांताक्रूझच्या विमानतळावर ते सकाळी सातलाच जाऊन उभे राहिले. धोतर, काळी टोपी, हातात लाह्या नि शेंगांच्या लाडवांची पिशवी. नऊ वाजले, विमान आलं नाही. दहा वाजले. मोठ्या फळ्यावर इंग्रजी आकडे होते, पण त्यावर त्यांचा भरवसा बसेना. समोर चौकशीची खिडकी होती. जन्मात पहिल्यांदा ते अशा खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभे राहिले.

"लंडनची गाडी... विमान कधी येणार?"

आतल्या मुलीने वर बघून सांगितलं, "लेट आहे काका. दुपारी तीनला येईल."

अर्ध्या तासाने ते परत गेले. तिने परत सांगितलं. बारा वाजता गेले. दोन वाजता गेले तेव्हा त्यांचं त्यांनाच लाजल्यासारखं झालं. तीन तर ती म्हणाली होती, ऐकू आलं होतं, समजलं होतं. तरी पाय खिडकीकडेच वळत होते. आपल्याला काय ऐकायचं आहे ते त्यांना ठाऊक होतं. वेळ नको होती. पोरगी नक्की येते आहे, एवढंच कुणीतरी पुन्हा एकदा सांगायला हवं होतं.

"चौथ्यांदा इचारतोय बाई मी," ते म्हणाले. "रागावू नका."

"रागवायचं काय त्यात? मुलगी येते आहे ना तुमची?" ती म्हणाली. "येईल काका. निघालंय विमान, येतंच आहे."

गुरुसिद्धप्पांना बार्शीकडची ती म्हातारी आठवली. खाली ओढलेली फळी आठवली. ते बाकावर जाऊन बसले आणि टोपी काढून त्यांनी तोंड पुसलं.

सव्वातीनला महानंदा बाहेर आली. अंगाने भरली होती, केस आखूड केले होते, पण चालणं तेच होतं. बाप दिसल्यावर तिने बॅग तिथेच टाकली. "आप्पा, तुम्ही कशाला..." असं काहीतरी बोलायला गेली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. गुरुसिद्धप्पांचेही डोळे वाहत होते, आणि चारचौघांत आपण रडतो आहोत याची त्यांना जराही लाज वाटली नाही. त्यांनी पिशवीतला लाडू काढून तिच्या हातावर ठेवला. मुराळ्याने करायचं ते त्यांनी केलं.

परतीच्या गाडीत ते सवयीने हिशेब करायला लागले. घरातून निघाल्यापासून किती तास झाले, रोमला किती थांबलात, कुवेतला किती. महानंदा हसून म्हणाली, "आप्पा, तासांचं सोडा. मला यायला तीन वर्षं लागली." 

पंचमीच्या दिवशी सकाळी आठला टांगा दारात उभा राहिला. गिरिजाबाईंनी लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिला पोटाशी धरलं, मागच्या दारी झोका दाखवला. महानंदा झोक्याजवळ उभी राहून इकडेतिकडे बघायला लागली.

"आत्या कुठाय?"

 मग गुरुसिद्धप्पांनीच सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज खाली गेला. "म्हणाली, या वर्सी न्हाय. पोरीला आण म्हणाली."

महानंदाने पायातली चप्पल अजून काढली नव्हती. "सव्वानऊची बार्शी गाडी अजून आहे का हो आप्पा?"

"हाय की."

"मग चला."

"अगं, आंघोळ न्हाय, चहा न्हाय," गिरिजाबाई म्हणाल्या. "दोन दिवस प्रवासात हायेस. अंगात काय उरलंय का?"

"तीस मैल तर आहे, अव्वा. आल्यावर करते आंघोळ."

बार्शीच्या गाडीत खिडकीशेजारची जागा गुरुसिद्धप्पांनी लेकीला दिली. वडाळा गेलं. जिथे चाक रुतलं होतं ती जागा आता डांबराखाली गेली होती, तरी गुरुसिद्धप्पांनी ती तिला दाखवली. वैरागचा तो दीड तास त्यांनी हजारो माणसांना सांगितला असेल. आज तो सरता सरत नव्हता. पुढे बसलेल्या कंडक्टरला त्यांनी दोनदा विचारलं, गाडी येळेवर हाय न्हवं?

वैरागच्या स्टँडवर गाडी वळली आणि महानंदानेच आधी पाहिलं. लिंबाखालच्या सिमेंटच्या बाकावर शांतम्मा बसलेली होती. नेसूला ठेवणीतलं इरकल, मांडीवर गाठोडं, तोंड सोलापूरच्या रस्त्याकडे.

ते उतरताच स्टँडवरचा कंट्रोलर ओळख पटून पुढे आला. "आलात व्हय साहेब? काल दिसभर बसल्या होत्या, आज पहिल्या गाडीपासनं हायेत. इचारलं, आजी कुटं जायचंय? तर म्हणाल्या, कुटं न्हाय, मला न्यायला येणार हायेत."

गुरुसिद्धप्पा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. 

"तम्मा," शांतम्मा म्हणाली, "लई येळ लावलास."

"अक्का, तू तर म्हणालीस या वर्सी न्हाय."

"म्हणाले की. तुझा जीव अडकाय नको म्हणून म्हणाले." तिने पदराने डोळे टिपले. "पर आजवर कवा चुकला न्हाईस. म्हटलं, बसून बघावं."

"काल दिवसभर? आणि उपास?"

"भाऊ आल्याबिगर सोडायचा असतो काय?"

महानंदा खाली बसली आणि तिने आप्पांच्या पिशवीतला लाडू आत्याच्या तोंडाशी धरला. तो खाता खाता शांतम्माने तिचे आखूड केस, चुरगळलेली साडी, सुजलेले पाय नीट पाहून घेतले.

"ही कवा आली?"

"आज सकाळीच. घरी पाऊल टाकलं नि तशीच हितं आलीय तुला न्यायला."

"लंडनहून?" शांतम्माला ते नाव नीट म्हणता आलं नाही. तिने महानंदाचा हात हातात घेतला आणि भावाकडे बघून विचारलं, "तम्मा, किती लांब हाय रं ते?"

एकोणतीस वर्षं या प्रश्नाला गुरुसिद्धप्पांनी मान वर न करता आकडा सांगितला होता. आताही तोंड उघडलं ते त्याच सवयीने. साडेनऊ ओठांवर आलं, साडेदहा आलं, साडेचार हजार आलं. त्यांनी लेकीकडे बघितलं, बहिणीच्या मांडीवरच्या गाठोड्याकडे बघितलं.

"लई लांब हाय, अक्का," ते म्हणाले. "लई लांब."

"मग पोरीला बसू दे की आधी," शांतम्मा म्हणाली, आणि गाठोडं खाली ठेवून बाकावर सरकून बसली.